पिवळं केलेलं तेवढंच

वडगाव रासाई
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५
(हे पत्र पाठवलेलं नाही. ट्रंकेत ठेवलंय.)

शितल,

‘प्रिय’ लिहायला हात उचलला नाही, म्हणून नुसतंच नाव.

आज सकाळी पार्वतीबाई मेथी उपटायला आल्या त्या पदरानं डोळे पुसतच. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. तर म्हणाल्या, “आगं सुवर्णा, तुझ्या धाकल्या जावंचा व्हिडिओ आलाय, बघितला न्हाईस व्हय? लई रडवलं बया तिनं. इतकी वर्सं पोटात ठिवलं, आन् कुनाला कळूबी दिलं न्हाई.”

मी बांधावर बसून बघितला. कालचा दौंडचा कार्यक्रम, महिला मंडळाचा. तू मोरपंखी साडीत माइकपुढे, हातात ते वाचायचं यंत्र. पहिल्या रांगेत सासूबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडं राहायला आलेल्या, काळा चष्मा लावून. तू त्या सुईणीच्या कादंबरीबद्दल बोलत होतीस. खरं सांगते, आधी मला अभिमानच वाटला. आमच्या घरची सून माइकवर पुस्तकाबद्दल बोलते, आणखी काय पाहिजे? मग तू ती ओळ वाचलीस, ‘जे रडलं नाही त्याचंही वजन हाताला कळतं.’ आणि लगेच, न थांबता, पुढचं.

“माझीसुद्धा रडली नव्हती. सातवा महिना होता. मला तोंड दाखवलं नाही, टॉवेलात गुंडाळून नदीकडं नेली. नाव ठेवायचं नसतं म्हणाले, नाव ठेवलं की जीव अडकतो. पण मी ठेवलंय. आजवर कुणाला सांगितलं नाही.”

आणि तू ते नाव घेतलंस. माइकवर. दीडदोनशे बायांपुढं.

शितल, ती वाक्यं मी लिहिली होती. मेथीची टोपली शेजारी ठेवून, मोबाईलवर, अंगठ्यानं, एकेक अक्षर शोधत. लेक गेली ती तुझं लग्न व्हायच्या पाच वर्षं आधी. तू तेव्हा या घरात नव्हतीस. पार्वतीबाईही गावात नव्हत्या, पाटसला कारखान्यावर असायच्या, म्हणून तर त्यांना तुझं खरं वाटलं. तुला ऋतिका आहे. दिवस भरून झालेली, रडून दवाखाना डोक्यावर घेतलेली. आणि व्हिडिओच्या शेवटी ती मंडळाची अध्यक्षबाई तुला मिठी मारून म्हणते, आजपासून आम्ही तुला त्याच नावानं ओळखणार, अमकीची आई म्हणून. तू मान खाली घातलीस. नाही म्हणाली नाहीस.

सतरा वर्षांत मला एकानंही तसं म्हटलेलं नाही. माझ्या पोराची, साईची आई म्हणतात, ते वेगळं. तिची आई कुणी म्हटलं नाही, कारण नावच कुणाला माहीत नव्हतं.

चूक माझीही आहे, ती आधी लिहून टाकते. तू लग्न करून आलीस तेव्हा आपण कशा वाचायचो ते आठवतंय? मेथीच्या जुड्या बांधायला बसलो की एकीनं वाचायचं, दुसरीनं बांधायचं. घसा बसला की अदलाबदल. पानांना हिरवी बोटं लागायची आणि वाचनालयातले हरिबाआप्पा ओरडायचे, “ही पुस्तकं हायती का भाजीची पाटी?” खूण म्हणून मेथीची काडी ठेवायचो. एक पुस्तक दोन दोन महिने चालायचं, पण ओळ ना ओळ वाचलेली. तू एखादी कंटाळवाणी ओळ गाळलीस तर मला जुडी हातात असतानाच कळायचं. मी ‘मागं जा’ म्हणायचे आणि तू तोंड वाकडं करून मागं जायचीस.

मग सुरजभाऊजींना कुरकुंभला कंपनीत शिफ्ट लागल्या, तुम्ही दौंडला गेलात, यंत्र आलं. जाताना तू माझ्या मोबाईलवर तेच खातं घालून दिलंस. म्हणालीस, “ताई, पुस्तक येकच, वाचनाऱ्या दोघी.” मला आवडलं ते. का खोटं बोलू? अक्षर हवं तेवढं मोठं होतं, चष्मा शोधावा लागत नाही, मोटर चालू करून पाणी येईपर्यंत चार पानं होतात. ओळीवर बोट फिरवलं की पिवळी होते, तिच्याखाली मनातलं लिहिता येतं.

वाचनालयाच्या पुस्तकात मी असलं काही कधी लिहिलं असतं का? तिथं पेन्सिलीची बारीक रेघ, तीसुद्धा परत करताना खोडलेली. कारण कळायचं, की माझ्यानंतर हे पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. मोबाईलवर तसं वाटत नाही. एकटीच असल्यासारखं वाटतं. पुस्तक दोघींचं, पण टीप ज्याच्या त्याच्या फोनात राहते, अशी माझी समजूत. ती तिथून उठून तुझ्या यंत्रात जाते हे मला तू कधी सांगितलं नाहीस. सहा वर्षं माझं मन वाचत बसलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस.

दिवाळीत मात्र चुलीपुढं बोलून गेलीस, “ताई, तुमी पिवळं करून ठिवता न्हवं, मी तेवढंच वाचती. सगळं वाचायला टाइम कुठं हाय?” मी तेव्हा हसले होते. मला वाटलं, तुझ्या यंत्रात रेघा तेवढ्या जातात.

बरं. पिवळं केलेलं तेवढंच वाचतेस ना? आता मी काय पिवळं करते ते बघ.

सुवर्णा


वडगाव रासाई
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. शितल,

तुला आशीर्वाद आणि आशीर्वादाहून जास्त कौतुक. व्हिडिओ पाहिला. साडी शोभून दिसत होती. काय बोललीस! पार्वतीबाई तर अजून सावरल्या नाहीत.

भाऊजी काल भाजी न्यायला आले तेव्हा म्हणाले, की चौदा तारखेला शिरूरला पुस्तक-परिचयाची मोठी स्पर्धा आहे आणि मंडळानं तुझं नाव दिलंय. गौराक्काची कादंबरी घेतलीस म्हणे. छान केलंस. जाड आहे, पण तुझ्यासारखीला काय अवघड.

तुझी धावपळ मला दिसते. ऋतिकाची शाळा, सासूबाईंच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब, भाऊजींची शिफ्ट बदलली की डबा वेगळा. त्यात साडेतीनशे पानं कधी वाचणार? मी मळ्यात रिकामीच असते. म्हणून मी ते पुस्तक वाचून ठेवलंय आणि महत्त्वाचं सगळं पिवळं केलंय. सुरुवात, मधलं भांडण, शेवट, सगळं. पिवळं तेवढं सलग वाचलंस तरी अख्खी गोष्ट कळेल. शेवट तर इतका गोड आहे, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. आणि पाणी कसं काढायचं ते तुला शिकवायला नको.

तू म्हणशील, ताई पत्र का लिहिते, फोन का करत नाही? घसा धरलाय. या पत्राबरोबर पंचवीस जुड्या पाठवते. वरच्या दोन सासूबाईंसाठी, त्यांना कोवळी लागते.

बक्षीस घेऊनच ये.

तुझीच,
ताई


वडगाव रासाई
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

शितल,

काल शिरूरच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत दाराजवळ हिरवा स्कार्फ बांधून बसलेली बाई मी होते. तुला शेवटी शेवटी दिसलेच, तुझ्या तोंडावरून कळलं. ह्यांना सांगितलं होतं, की मार्केटला भाव बघून येते. भाव बघितला. चांगला लागला.

आता नीट सांगते, म्हणजे तुला कुणा दुसऱ्याला विचारत बसायला नको.

गौराक्का घरी परत येते, सासू दारात भाकरतुकडा ओवाळते, सगळे रडतात आणि सगळं माफ होतं, ही जी पानं मी तुझ्यासाठी पिवळी केली ना, ते तिचं स्वप्न आहे. तिला ताप भरलेला असतो. पुढच्याच पानावर ती जागी होते तेव्हा खोलीत कुणी नसतं. उरलेल्या चाळीस पानांत ती त्या घराकडं पाठ फिरवते ती कायमची, आणि शेवटी भाड्याच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावते. त्या चाळीस पानांतली एकही ओळ मी पिवळी केली नाही. आधी केलेल्या होत्या, मनापासून. त्या एकेक करून पुसल्या. दोन दुपारी लागल्या त्याला.

तू बोललीस मात्र झकास. “गौराक्का आपल्याला क्षमा शिकवते” म्हणालीस तेव्हा माझ्या शेजारची बाई पदर शोधायला लागली. मग त्या परीक्षकबाई, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा वर करून शांतपणे म्हणाल्या, “घरी गेली म्हणता, मग पाटी कुठल्या दारावर लावते ती?”

तू म्हणालीस, “कसली पाटी?”

“शेवटच्या पानावरची. आणि ही घरी आल्याची पानं कितवी, सांगा बरं. माझ्याकडं पुस्तक आहे.”

तू यंत्रावर बोट फिरवत राहिलीस. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मग म्हणालीस, “सत्त्याऐंशी टक्क्यांवर हाय मॅडम.”

हॉल हसला. मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “राहिलेल्या तेरा टक्क्यांत मेली का काय गौराक्का?” आणि मग जो हशा झाला, तो मी न्हावऱ्याला गाडी बदलून इथं परत येईपर्यंत कानात साठवून आणला. मीही हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मुद्दाम मोठ्यानं.

मला वाईट वाटलं असेल, असं तुला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाक. माझ्या पोटची लेक तू स्वतःच्या नावावर चढवलीस, त्यापुढं हे काहीच नाही. तुझ्या अंगाला तर भोकसुद्धा पडलं नाही. घरी आले, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? हा सापळा लावताना मी पुस्तक वाचलंच नाही. शोधायच्या चौकटीत ‘घर’ टाकायचं, मग ‘सासू’ टाकायचं, मग ‘भाकर’. जिथं जिथं शब्द सापडेल तिथं उडी मारायची. गौराक्का मला आता आठवतच नाही, नुसत्या तिच्या ओळी आठवतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिच्यासाठी चार दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. तुला हसताना मी तुझ्यासारखीच वाचायला लागले होते, आणि मोबाईलवर माझी आणखी चौदा पुस्तकं अशीच दहा टक्के, वीस टक्के, उघडून पडलीत. त्याचा राग मी तुझ्याच खात्यावर मांडते.

दौंडच्या तुझ्या बाया आता तुला कोणत्या नावानं हाक मारतात, ते कळव.

सुवर्णा


वडगाव रासाई
शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

शितल,

चोर तो चोर, वर शिरजोर.

आज मोटर सुरू करून बांधावर बसले, मोबाईल उघडला, तर एकही पुस्तक नाही. नुसता पांढरा पडदा आणि ‘पुन्हा साइन इन करा’. तू मला खात्यातून काढलंस. सहा वर्षांचं माझं सगळं गेलं. कुठं हसले, कुठं रडले, कुठं लेखकाला शिव्या दिल्या, ते सगळं आता तुझ्याकडं. आणि तिचं नाव मी आयुष्यात एकदाच लिहिलं होतं, तेसुद्धा तुझ्याकडं. एकदा तोंडानं नेलंस, आता हातानं.

भाऊजी तासाभरात क्रेट घेऊन आले. मी त्यांना चहा विचारला नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, बायकोला सांगा, माझ्या मनात घुसण्यापेक्षा घरात घुसली असती तर परवडलं असतं. ते खाली बघत म्हणाले, “वैनी, तिनं तुमचं पत्र वाचल्या वाचल्या रागात काढलं. आता रडत बसलीया. मला म्हनली, ताईंना सांगा, मला लुबाडायचं न्हवतं.”

मग त्यांनी सांगितलं, तेच तू फोनवर सांगायचा प्रयत्न करत असशील, म्हणून मी फोन उचलत नव्हते. म्हणे स्टेजवर ओळ वाचताना बोट लागलं आणि टीप उघडली. तू वाचत होतीस ती वाचतच गेलीस. ‘माझी’ असं लिहिलेलं, ऐकणाऱ्यांनी तुझीच धरली. समोरच्या बाया रडायला लागल्या आणि मग तुला थांबता आलं नाही.

थांबता आलं नाही? शितल, जुड्या बांधताना मी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी अर्ध्या शब्दावर थांबायचीस तू. आणि समजा, माइकवर नाही थांबलीस. घरी आल्यावर? दुसऱ्या दिवशी? जवळजवळ चार आठवडे ‘अमकीची आई’ म्हणवून घेतलंस ते कुणाचं बोट लागून?

ते झाल्यावर भाऊजी जायला निघाले आणि परत फिरले. म्हणाले, “वैनी, आईचं तुमाला ठावं हाय का? दौंडच्या त्या कार्यक्रमात ती पुढंच बसली हुती. घरी आली, चष्मा काढला आन् म्हनली, ही सुवर्णाची हाय. मीच टॉवेलात गुंडाळून दिल्ती. आता रोज सांजच्याला शितलला म्हनती, ते नाव येकदा वाच.”

सतरा वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली भाकऱ्या थापल्या. एकदासुद्धा त्यांनी मला विचारलं नाही, मुलीचं नाव काय मनात होतं गं तुझ्या? आणि आता विचारतात ते तुला. तू वाचून दाखवतेस. मी इथं मेथी उपटते आणि माझ्या लेकीचं नाव दौंडच्या तुमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी दिवा लागला की ऐकू येतं. याचा आनंद मानायचा की तुझा गळा धरायचा, ते मला कळत नाही. बहुतेक गळाच.

म्हणून ऐक. अध्यक्षबाईंचा नंबर माझ्याकडं आहे, व्हिडिओखाली दिलेला. संक्रांतीपर्यंत माझं मला परत मिळालं नाही, तर मी फोन लावणार. रडणार नाही, आरडाओरडा करणार नाही. सुईणीचं नाव, दवाखान्याचा कागद, नदीकाठची जागा, सगळं पुराव्यासकट सांगणार. मग बघू दौंडच्या बाजारातून तू मान वर करून कशी जातेस.

हे पत्र भाऊजींनी वाचलं तरी चालेल. मी पाकीट चिकटवलेलं नाही.


वडगाव रासाई
रविवार, ११ जानेवारी २०२६

शितल,

वही मिळाली.

दोनशे पानी, रेघांची, वर ऋतिकाच्या शाळेचं लेबल खरवडून काढलेलं. माझ्या सहा वर्षांच्या सगळ्या टिपा तुझ्या अक्षरात, निळ्या पेनानं. पुस्तकाचं नाव, मग पिवळी ओळ, मग मी काय लिहिलं ते. भाऊजी म्हणाले, तुझी बोटं सुजली. म्हणाले, नुसती टीप उतरवली तर तुला काही कळेना, म्हणून तू आधीची दोन पानं आणि नंतरची दोन पानं वाचायला लागलीस, आणि मग एक अख्खं पुस्तकच वाचून काढलंस. गौराक्काचं. शेवटच्या पानावरच्या पाटीपर्यंत. बरं झालं. शंभर टक्के कसं लागतं ते कळलं असेल.

मी गहिवरले, असं समजू नकोस. मी आधी लाल पेन घेतलं आणि चुका काढल्या. नऊ सापडल्या. दोन ठिकाणी मी दिलेली शिवी तू सौम्य केलीस, ती मी परत होती तशी केली. तुझ्याबद्दल मी एका ठिकाणी ‘माझी शितल असती तर इथं फिसकन हसली असती’ असं लिहिलं होतं, तेही तू उतरवलंयस. ते मी खोडणार होते. खोडलं नाही, कारण तेव्हा ते खरं होतं.

मग सुईणीच्या कादंबरीचं पान आलं. सगळी टीप जशीच्या तशी. आणि नावाच्या ठिकाणी चार बोटं कोरी जागा. खाली बारीक अक्षरात, ‘ताई, हे मी लिहीत नाही. हे तुमचं तुम्ही लिहा.’

पेन हातात होतं. लिहिलं नाही. एकटीनं, गुपचूप लिहिण्यातूनच हे सगळं झालं. आता तसं नाही लिहायचं.

अध्यक्षबाईंना फोन केला नाही. दया म्हणून नाही. फोनवर त्या बाईला मी कोण? एक आवाज. ती एका कानानं ऐकणार, दुसऱ्या मिनिटाला पुढं पाठवणार. मला माझी मुलगी पुढं पाठवायची नाही. तुला मी याहून मोठी शिक्षा ठरवलीय आणि ती तू भोगायचीस.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इथं यायचं. यंत्र घरी ठेवून. मी हरिबाआप्पांकडून सुईणीचं पुस्तक आणलंय, आपलंच जुनं, हिरव्या बोटांचं. आप्पा म्हणाले, “आता बरी आठवन झाली गं? तुमी दोघी मोबाईलवाल्या झाल्या न्हवं?” मी म्हटलं, व्हय, झालो होतो. मळ्यात त्या दिवशी पार्वतीबाई, शेजारच्या सखूबाई आणि त्यांच्या सुना, अशा आठदहाजणी जुड्या बांधायला येणार आहेत. तुझा तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. तू त्यांच्यासमोर पोत्यावर बसायचं आणि वाचायचं. पहिल्या पानापासून. मोठ्यानं. पिवळं काही नाही, सगळं सारखंच पांढरं. एक ओळ गाळलीस तर मला कळेल. कंटाळा आला, घसा बसला, बाया हसल्या, तरी अदलाबदल नाही. एका दिवसात होणार नाही, तर दुसऱ्या दिवशी परत ये, तिसऱ्या दिवशी परत ये. ऋतिकाला शाळेतून कोण आणणार, ते तू बघ. दोन महिने लागले तर दोन महिने.

सासूबाईंना घेऊन ये. डोळे बरे झाले असतील तर पुढं बसव, नसतील तरी पुढंच बसव.

‘जे रडलं नाही त्याचंही वजन हाताला कळतं’ या ओळीपाशी आलीस की थांबायचं. या वेळी थांबायचं, कुणी रडलं तरी. मी जुडी खाली ठेवीन, हात पदराला पुसीन, तुझी वही घेऊन पुढचं मी वाचीन. नावासकट. तू ऐकायचं. मग पार्वतीबाई तुझ्याकडं वळून विचारतील, मग ती तुझी न्हवती व्हय? त्यांना काय सांगायचं ते तू सांगायचं, आम्ही सगळ्या ऐकत असू. मी तुझ्या मदतीला येणार नाही आणि तुझ्यावर ओरडणारही नाही. नंतर ती कोरी जागा मी तिथंच, सगळ्यांच्या समोर भरीन.

तिळगूळ आण. मी घेईन. गोड बोलेन, असं मात्र धरून चालू नकोस, ते पुस्तक संपल्यावर बघू. यासोबत माझं पहिलं पत्र पाठवते, ट्रंकेत ठेवलेलं, २४ नोव्हेंबरचं. तेही पूर्ण वाच.

भिवराची आई,
सुवर्णा